कॅनिस्टर व्हॅक्यूम क्लीनर: मशीन कुठलं घ्यावं, आणि पुढचा ब्रश कुठला?

सोनचाफा (पर्वरी, गोवा)
मंडळी, चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली आणि घरात पुन्हा तोच विषय निघालाय. साफसफाई दोन घरांची आहे. पर्वरीच्या फ्लॅटमध्ये व्हिट्रिफाइड टाइल्स आणि हॉलमध्ये एक गालिचा. डिचोलीकडच्या मयेच्या सासरच्या घरात चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, खाली लाल सिमेंटची जमीन, माडीवर लाकडी फळ्या, वर मंगळुरी कौलं. लेकीला धुळीचा त्रास आहे, केरसुणी हातात घेतली की तिच्या शिंका सुरू. म्हणून व्हॅक्यूम क्लीनर घ्यायचं ठरलंय. गाडीच्या डिकीत टाकून दोन्हीकडे नेता आला पाहिजे.

पणजीच्या अठरा जून रस्त्यावरच्या एका दुकानात दोन पाहिले. एक १६०० वॅटचा, बिनपिशवीचा, पारदर्शक भांड्याचा. दुसरा ओला-सुका ड्रम. तिसरा पर्याय माझ्या दिराचा. तो जर्मनीत असतो, म्हणाला इथून पिशवीवाला कॅनिस्टर (चाकांचं मशीन, पुढे लांब नळी आणि ब्रश) घेऊन येतो. पण तो फक्त ९०० वॅटचा! दुकानदार म्हणतो, "बाय, ९०० मध्ये मिक्सर चालतो, व्हॅक्यूम नाही." पहिल्याबरोबर तो टर्बो ब्रश फुकट द्यायला तयार आहे. काय करू?

केपेकर
केरसुणी घ्या. वॅट शून्य, आवाज नाही, फिल्टर बदलायचा नाही. हलके घ्या.

सोनचाफा
केपेकरबाब, शिंका मोजायला तुम्हीच या मग.

राईनकाठ (सध्या जर्मनी, मूळ म्हापसा)
दुकानदाराचं ऐकू नका. मशीन वीज किती खातं ते वॅटवरून कळतं, केर किती ओढतं ते कळत नाही. युरोपियन युनियननं सप्टेंबर २०१४ पासून १६०० वॅटच्या वरची मशीनं विकायला बंदी केली, आणि सप्टेंबर २०१७ पासून ती मर्यादा ९०० वर आणली. पहिल्या वेळी ब्रिटनमध्ये लोकांनी घाईघाईनं जुनी मोठी मशीनं उचलली होती. पण घरं काही घाण राहिली नाहीत. कंपन्यांनी मोटर सुधारली, हवा जाण्याचा रस्ता सुधारला, आणि सगळ्यात जास्त काम जमिनीला टेकणाऱ्या ब्रशवर केलं.

पाहायच्या गोष्टी दोन. ओढ, म्हणजे किलोपास्कल. आणि हवेचा प्रवाह, म्हणजे सेकंदाला किती लिटर हवा आत जाते. नळीच्या तोंडावर तळहात ठेवला तर ओढ सर्वात जास्त लागते, पण तेव्हा हवा वाहतच नाही, म्हणजे केर हलणार नाही. दुकानात तळहाताला चिकटवून दाखवतात तो नुसता खेळ आहे. धूळ वाहत्या हवेबरोबर जाते.

जाता जाता, युरोपात व्हॅक्यूमवर ऊर्जेचं लेबल असायचं, ए बी सी वगैरे. ते आता नाही. चाचणी रिकाम्या पिशवीवर घेतात यावर डायसननं कोर्टात हरकत घेतली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये युरोपियन युनियनच्या जनरल कोर्टानं ते लेबलच रद्द केलं. ९०० वॅटची मर्यादा मात्र राहिली. तेव्हा तुम्हीही विचारा: पिशवी अर्धी भरल्यावर हे मशीन कसं चालतं?

फणसपोळी
वाचतेय. मलाही घ्यायचा आहे.

चिरेबंदी
राईनकाठ यांनी ब्रशचं म्हटलंय तिथून सुरू करतो, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. आपण सगळे मशीनबद्दल बोलतो, आणि जमिनीवर फिरतो तो ब्रश. मशीन कोपऱ्यात उभं असतं.

कॅनिस्टरबरोबर साधारण हे येतं:

एक, पायपट्टीचा कॉम्बी ब्रश. वरची पट्टी पायानं दाबली की खालून ब्रशचे केस बाहेर येतात, पुन्हा दाबली की आत जातात. केस बाहेर ठेवायचे फरशीसाठी, आत गालिच्यासाठी. मी पाहिलेल्या दहातल्या नऊ घरांत हा उलटा चालवतात. फरशीवर केस आत असले की धातूची पट्टी आणि प्लास्टिक थेट टाइलवर घासतं, ब्रश जमिनीला चिकटतो आणि ढकलणाऱ्याचा हात दुखतो. मग म्हणायचं, मशीन जड आहे.

दोन, पार्केट ब्रश. रुंद, पातळ, चारी बाजूंनी मऊ केस, कधी घोड्याचे, कधी नायलॉनचे. बऱ्याच मशीनांबरोबर हा येतच नाही, वेगळा घ्यावा लागतो. आपल्या घरांत सगळ्यात जास्त उपयोगाचा हाच. लाल सिमेंटला, लाकडाला, टाइलला, सगळ्यांना चालतो. त्याची मान दोन्ही बाजूंना वळते का ते पाहा. वळली तर पलंगाखाली आडवा घालता येतो.

तीन, टर्बो ब्रश. आत गोल फिरणारा रूळ असतो. तो फिरवायला वेगळी मोटर नसते, ओढलेल्या हवेनंच आतली चक्की फिरते, म्हणजे ओढीतला काही भाग तिथेच खर्च. गालिच्याला उत्तम. गुळगुळीत जमिनीवर मात्र तो जाडा कण समोर भिरकावतो. फुकट मिळतोय म्हणून घ्या, पण त्याच्यासाठी मशीन निवडू नका.

चार, फटीचं निमुळतं तोंड आणि सोफ्याचं छोटं तोंड. ही सगळ्यांकडे सारखीच.

दुकानात जाताना रवा आणि तांदूळ पुडीत बांधून न्या. फरशीवर दोन्ही टाका आणि ब्रश सरळ पुढे ढकला. पुढची कड पूर्ण बंद असलेला ब्रश तांदूळ आत घेत नाही, पुढे लोटत नेतो. पुढच्या कडेला खाचा हव्यात. त्याच्यानंतर दोन टाइलच्या मधल्या सांध्यात रवा भरून पाहा. त्याने कळेल ते कुठल्याही माहितीपत्रकात सापडणार नाही.

खाजन
चिरेबंदीबाब, दुकानदार रवा टाकू देतो?

चिरेबंदी
मशीन साफसफाईचंच आहे ना? मग त्यानं घाबरायचं कशाला.

डिचोलीकर
सोनचाफाताई, मये म्हणजे आमच्याच बाजूची. तिथली धूळ पणजीच्या धुळीसारखी नाही हे लक्षात घ्या. चिऱ्याची लाल धूळ अतिशय बारीक, हाताला पिठूळ लागते. ती फिल्टरमध्ये जाऊन बसते आणि फिल्टर चोंदवते. खाणींतल्या खनिजाची धूळ वेगळी. हेमेटाइट, म्हणजे लोहखनिज, वाळूच्या जवळजवळ दुप्पट जड. वाळूची घनता २.६५, हेमेटाइटची ५.३ च्या आसपास. ती खिडकीच्या चौकटीत साचते आणि हलक्या मशीनला दाद देत नाही. तिला हवेचा जोर लागतो आणि निमुळतं तोंड लागतं.

आता पूर्वीइतकी नाही म्हणा. खनिजाचे ट्रक रांगेनं जायचे तेव्हा वाळत घातलेले कपडे संध्याकाळी लाल व्हायचे.

कुळागर (वाळपई)
हो, फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खाणींच्या ८८ लीज रद्द केल्या आणि त्या मार्चमध्ये खाणी थांबल्या. धूळ गेली.

डिचोलीकर
धूळ गेली, ट्रकचे हप्ते राहिले. आमच्या वाड्यावर कितीतरी घरांत ट्रक दारात उभे होते. स्वच्छ हवेत.

कुळागर
मान्य. त्यावर वेगळा धागा काढा, इथे ब्रशचं चाललंय.

तारवटी
जर्मनीहून आणायचा असेल तर दोन शब्द. व्होल्टेजची काळजी नाही, तिथेही २३० व्होल्ट ५० हर्ट्झ. अमेरिकेतून आणायचं मात्र कोणी मनात आणू नका. तिथे १२० व्होल्ट ६० हर्ट्झ, आणि एवढ्या मोटरला पुरेल असा ट्रान्सफॉर्मर मशीनपेक्षा जड. आमच्या जहाजावरच्या एकानं हौसेनं आणलं होतं, ते अजून खोक्यात आहे.

जर्मन प्लगच्या गोल पिना आपल्या सॉकेटात सैल बसतात. ठिणगी पडते. चांगला कनवर्टर घ्या, रस्त्यावरचा नको. किंवा इलेक्ट्रिशियनकडून पिनच बदलून घ्या. आणि खरा प्रश्न पिशव्यांचा. मशीन दीर आणेल, पिशव्या दर वर्षी कोण आणणार?

सोनचाफा
दीर दर डिसेंबरला येतो. पिशव्या वजनाला काहीच नाहीत. त्याच्या बॅगेत चॉकलेटांऐवजी पिशव्या, मुलं रडतील एवढंच.

रस_ऑम्लेट (कळंगुट)
आमचा होमस्टे आहे. इथे धुळीपेक्षा वाळू. पाहुणे पाय न धुता आत येतात. पाटी लावली आहे, वाचतो कोण.

वाळू म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झ, मोह्स मापावर काठिण्य ७. संगमरवर ३. म्हणजे संगमरवरी जमिनीवर वाळू घासली की चरे पडणारच. तेव्हा ब्रश कितीही मऊ असो, त्याच्या केसांत अडकलेला एक कण खोलीभर रेघ ओढत नेतो. काम झाल्यावर ब्रश उलटा करून निमुळत्या तोंडानं त्याचे केस ओढून घ्यायचे, ही आमच्याकडे सक्ती आहे. ब्रशची चाकंही पाहा. कडक प्लास्टिकच्या चाकात वाळू अडकली की तीच रेघ. मऊ रबराची चाकं हवीत.

आणि समुद्राजवळ राहणाऱ्यांनी नळकांडं स्टेनलेस स्टीलचं किंवा अ‍ॅल्युमिनियमचं घ्यावं. क्रोमचा मुलामा खाऱ्या वाऱ्यात टिकत नाही. आत-बाहेर सरकणारा दांडा एका पावसाळ्यानंतर सरकायचा थांबतो.

खाजन
सगळे कॅनिस्टरवर तुटून पडलाय, ड्रमची बाजू घेणारा मी एकटाच दिसतोय. गोव्यात पाऊस वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटर. आमच्याकडे जुलैत वाऱ्याची दिशा बदलली की बाल्कनीच्या दाराखालून पाणी आत. फडक्यानं पिळत बसायचं की ओल्या-सुक्या ड्रमनं मिनिटांत ओढून घ्यायचं? कूलरचं पाणी, वॉशिंग मशीनची फुटलेली नळी, गाडीच्या पायाखालच्या मॅट, सगळं एकाच मशीनवर. ब्रशही एकच. खाली रबराची पट्टी लावली की पाणी, केसांची पट्टी लावली की केर. साधं काम.

चिरेबंदी
खाजनबाब, पाण्याला ड्रम उत्तम, वाद नाही. पण सोनचाफाताईंनी शिंकांचं लिहिलंय. ड्रमच्या साध्या फिल्टरमधून बारीक लाल धूळ मागून बाहेर येते, त्यात आतली कापडी पिशवी न लावता वापरला तर विचारूच नका. पाणी ओढायचं तर कागदी पिशवी आणि कोरडा फिल्टर काढून स्पंज चढवायचा, नंतर सगळं वाळवायचं, मग पुन्हा कोरडा फिल्टर. जुलैत वाळवणार कुठे? शिवाय आवाज. माडीवर चालवला की खालचे लोक देवाचं नाव घेतात.

खाजन
आवाजाचं मान्य. आमचा कुत्रा अजून कपाटाखाली जातो. पण स्पंजचं काम दोन मिनिटांचं आहे, उगाच भीती घालू नका. आणि ड्रमसाठी बारीक धुळीच्या फ्लीस पिशव्या मिळतात, त्या लावल्या तर धूळ मागून येत नाही.

चिरेबंदी
फ्लीस पिशवीचं खरं आहे, ते मी लिहायला हवं होतं म्हणणार नाही, तुम्ही लिहिलंत तेच बरं. :) पण मग ड्रमलाही पिशव्या लागल्याच की.

कुळागर
दमट हवेचं कोणी बोलत नाहीये, म्हणून लिहिते. बिनपिशवीच्या मशीनचा फिल्टर धुवायचा असतो. कंपनी लिहिते, चोवीस तास वाळवा. वाळपईत जुलैमध्ये चोवीस तासांत रुमाल वाळत नाही. ओलसर फिल्टर घालून चालवला की घरभर कुबट वास, आणि ओली धूळ फिल्टरवर थर करून बसते. दोन फिल्टर ठेवा, एक वापरात, एक वाळत.

पिशवीवाल्याचंही तसंच काही अंशी. पिशवी भरेपर्यंत ठेवायची हे कोरड्या हवेचं गणित. आमच्याकडे पावसाळ्यात पिशवी अर्धी झाली तरी टाकून देते, नाहीतर आतल्या केसांना आणि चुऱ्याला बुरशी धरते. आणि हो, मुलांनी सांडलेली बिस्किटं ओढलीत तर मशीन जमिनीवर ठेवू नका. मुंग्या नळीतून आत जातात. पुढच्या वेळी चालू केलं की मागच्या झडपेतून मुंग्यांची मिरवणूक.

केपेकर
केरसुणीत मुंग्या जात नाहीत. नोंद घ्यावी.

आके_मडगाव
अ‍ॅलर्जीबद्दल. माझ्या अनुभवात पिशवीवालाच. बिनपिशवीचं भांडं डब्यात उलटं करताना जो धुरळा उडतो तो थेट तोंडावर, म्हणजे तासभर ओढलेलं एका क्षणात परत. पिशवीला झाकण असतं, ओढून बंद केली की संपलं. फिल्टर घेताना नुसतं हेपा (बारीक धूळ अडवणारा फिल्टर) लिहिलंय यावर जाऊ नका, एच १३ आहे का पाहा. तो बारीक कणांपैकी ९९.९५ टक्के अडवतो. आणि फिल्टर कितीही चांगला असला तरी मशीनच्या सांध्यांतून हवा गळत असेल तर उपयोग नाही. चालू करून मागच्या बाजूला टॉर्च मारा, उजेडात धूळ दिसते.

आके_मडगाव
प्रतिसाद काढून टाकला आहे. दोनदा पडला.

माडीवरची (फोंडा)
लाकडी माडीचं सांगते, आमचीही आहे. फळ्यांच्या फटींत पिढ्यांची धूळ असते. फिरत्या रुळाचा ब्रश तिथे अजिबात नको. तो फटीतली धूळ वर आणतो आणि अर्धी खालच्या खोलीत पाडतो. खाली कोणी जेवत असेल तर बघा. आधी निमुळत्या तोंडानं फळीच्या दिशेनं फटी ओढायच्या, मग पार्केट ब्रश, तोही फळीच्या दिशेनंच. आडवा फिरवला तर केस फटीत अडकून वाकतात.

मुठीजवळ एक सरकणारी खाच असते, ती उघडली की ओढ कमी होते. जुन्या पडद्यांना, गादीच्या खोळीला ती उघडी ठेवून काम करायचं. बहुतेकांना ती खाच कशासाठी आहे तेच ठाऊक नसतं.

लाल सिमेंटची जमीन मेण लावून, सोडणानं घासून चकचकीत केलेली असेल तर कॉम्बी ब्रशची धातूची पट्टी तिला लागू देऊ नका. ती चकाकी परत आणायला अख्खं घर कामाला लागतं.

आणि कौलांची जाळी! लांब दांडा, पुढे गोल मऊ ब्रश. खाली पाल पडली तर मी जबाबदार नाही.

फणसपोळी
कामाला येणाऱ्या बाईंना हे चालवता येतं का? आमच्या सुमनताई तर मशीनला हात लावत नाहीत. म्हणतात, "त्याने कोपरे राहतात."

रस_ऑम्लेट
त्यांचं बरोबर आहे, रुंद ब्रशनं कोपरे राहतातच. आमच्याकडे कोपरे आणि जिना केरसुणीनं, मधली जमीन मशीननं. भांडण मिटलं. जड मशीन जिन्यावर ओढायला लावू नका, नळी ओढली की मशीन मागून गडगडत पायावर येतं.

केपेकर
म्हणजे शेवटी केरसुणी लागलीच.

माडीवरची
केपेकरबाब, तुम्हाला चवथीच्या माटोळीखालचा (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीखालचा) केर काढायला बोलावते. घेऊन या तुमची केरसुणी.

श्वानप्रेमी_ताळगाव
टर्बोला सगळेच शिव्या देताय म्हणून बाजू मांडते. घरात दोन लॅब्रडोर. सोफ्यावरचे केस साध्या तोंडानं निघत नाहीत, छोट्या टर्बोनं निघतात. मोठा टर्बो फरशीवर वापरू नका, छोटा मात्र घ्याच. रुळाला गुंडाळलेले केस महिन्यातून एकदा कात्रीनं कापावे लागतात, तेवढं सोडलं तर तक्रार नाही.

चिरेबंदी
हे मान्य. माझा रोख मोठ्या टर्बोवर होता.

सोनचाफा
सगळ्यांचे आभार. काल परत दुकानात गेले, पुडीत रवा, तांदूळ आणि मिरामार किनाऱ्यावरची मूठभर वाळू. दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा होता, पण त्यानं अडवलं नाही. १६०० वॅटवाल्याच्या ब्रशनं तांदूळ पार दारापर्यंत लोटत नेले. मग चिरेबंदी म्हणाले तसं दुसऱ्या मशीनचा पार्केट ब्रश त्याच नळकांड्याला लावून पाहिला, तर तांदूळ, वाळू, सांध्यातला रवा, सगळं गेलं. मशीन तेच! दुकानदारही दोन मिनिटं गप्प.

त्यामुळे आता दिराकडून पिशवीवालाच मागवते, पार्केट ब्रश आणि छोटा टर्बो वेगळे. बाल्कनीच्या पाण्याचं खाजनबाबांचं म्हणणं पटतं, पण आमच्याकडे पाणी येत नाही, येतात त्या फक्त शिंका.

एक शंका राहिली. इथला पार्केट ब्रश जर्मन नळकांड्याला बसेल का?

राईनकाठ
नळकांड्याचा बाहेरचा व्यास मोजायला सांगा. घरगुती कॅनिस्टरमध्ये ३२ आणि ३५ मिलिमीटर ही दोन मापं सर्रास दिसतात, जर्मन मशीनं बहुतेक ३५ ची. माप जुळलं तरी खटका असलेल्या नळकांड्यात कंपनीकंपनीची खाच वेगळी असते, मग दुसऱ्याचा ब्रश उचलताना निसटतो. दिराला तिथूनच ब्रश घ्यायला सांगा. मोठ्या खोलीसाठी वायर किती लांब आहे तेही विचारा. आणि वायर ओढताना पिवळी खूण दिसली की थांबायचं, लाल खुणेपुढे ओढली तर आतली गुंडाळी तुटते.

डिचोलीकर
सोनचाफाताई, मशीन आल्यावर मयेला आणाल तेव्हा कळवा. आमच्या घरच्या खिडक्यांवर हेमेटाइट अजून शिल्लक आहे, ९०० वॅटची परीक्षा तिथे घेऊ.

फणसपोळी
पंख्याच्या पात्यांना कुठलं तोंड लावता? गोल ब्रश लावला तर धूळ आधी डोक्यावर पडते.

माडीवरची
जुनी उशीची खोळ पात्यावर चढवून ओढा, धूळ खोळीत राहते. मग खोळीवर मशीन फिरवा.